सर्व्हिसमध्ये गेली

आई,

ताईचा फोन आला होता. तुझी जागा निघाली म्हणाली. माझं नाव अनुकंपाच्या त्या यादीत इतकी वर्षं पडून होतं की मला वाटलेलं, यादीच उंदरांनी खाल्ली असेल. आता नाशकाच्या सरकारी दवाखान्यानं बोलावलंय. सफाईची जागा, पर्मनंट, माझी सातवी चालते म्हणे. ताई हळू बोलत होती, शेजारीण ऐकेल म्हणून. "आता ये बाबा. आईची जागा हे ती." मी तेव्हा मुंद्र्याच्या बंदरावर कंटेनरच्या साखळ्या आवळत होतो. वारा लय होता. ऐकू येत नाही म्हणून मी फोन ठेवला. ऐकू सगळं आलं होतं.

खोलीवर बिहारचा एक पोरगा आहे, माझ्याच वयाचा. त्याला सांगितलं तर विचारतो, "कितना बड़ा अस्पताल है?" आता काय सांगू. म्हणालो, आमचा अर्धा जिल्हा तिथं जन्मला आणि अर्धा तिथं मेला, एवढा. तो हसला. पण खरंच ना. कळवणहून जीपमध्ये आडवी घातलेली बाळंतीण, सायखेड्याचा फवारणीचं औषध प्यालेला, पेठकडचा साप चावलेला, अंबडच्या कंपनीत मशीनमध्ये बोटं गेलेला, सगळे तुझ्याच दारात उतरायचे. तूच सांगायचीस, जुन्या दगडी इमारतीच्याही आधी तिथं पत्र्याच्या शेड होत्या, प्लेगात माणसं गावाबाहेर आणून टाकायचे, त्यातून हा दवाखाना वाढला. खरंखोटं तुला ठाऊक. तुला ते तुझ्या आधीच्या मावशीनं सांगितलेलं, तिला तिच्या आधीच्या. तुझी आवडीची गोष्ट मात्र डॉक्टरांची. कॉलेज रोडला आज ज्यांचे काचेचे दवाखाने आहेत, त्यातले कितीतरी पोरं असताना तुझ्यासमोर शिकले. बसमधून जाताना तू पाट्या दाखवायचीस. "हा बघ, पहिलं ऑपरेशन बघून माझ्या बादलीत ओकला होता. आता त्याला भेटायला नंबर लावावा लागतो."

दवाखान्यात तुला कोणी नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. आया म्हणजे मावशी, वॉर्डबॉय म्हणजे मामा. मोठे साहेबपण मावशी म्हणायचे आणि मरायला टेकलेला म्हातारापण. मला गंमत वाटायची, एवढ्या लोकांची मावशी आणि आई फक्त आमच्या दोघांची. छातीच्या वॉर्डात तुझी बरीच वर्षं गेली. थुंकीची भांडी, चादरी, मढी. तिथंच तुला टीबी झाला. गोळ्या खाऊन तो बरा झाला, पण फुप्फुसांचं चिपाड करून गेला. डॉक्टरनं हे माझ्यासमोर सांगितलं. तरुण होता, चांगला होता. म्हणाला, "मावशी, मेडिकल बोर्डासमोर जा, अनफिट करून घ्या. घरी बसा, पेन्शन मिळेल, चार वर्षं जास्त जगाल." तू विचारलंस, "आणि पोराला?" त्याला कळलं नाही. बाहेर युनियनचे काका उभे होते, त्यांना कळलं. ते म्हणाले, "अनफिट झाली तर पोराला काही नाय. त्याला जागा पाहिजे तर सर्व्हिसमध्ये जावं लागतं, बाई." जावं लागतं म्हणजे काय, हे मला समजलं नाही. मला वाटलं, ही तर रोजच सर्व्हिसला जाती.

आणि तू जातच राहिलीस. एक दुपार मला अजून दिसते. मी शाळा बुडवून डबा घेऊन आलोय. स्ट्रेचर न्यायचा तो लांब चढ आहे ना, तिथं कठड्याला टेकून तू बसलीयस, बादली बाजूला, ओठ जांभळे. तुझ्याबरोबरची मालेगावची मावशी तुझ्या वाटणीची फरशी पुसतीय आणि तोंडानं चालूच, "बैठो राणीसरकार, नौकर है ना हम." तू हसलीस आणि हसता हसता श्वास अडकला. तेवढ्यात राउंडला मोठे साहेब आले. तू कठडा धरून उठलीस, तिच्या हातातला पोछा घेतलास आणि पुसलेलीच फरशी पुन्हा पुसायला लागलीस. साहेब म्हणाले, "मावशी, बऱ्या आहात ना?" तू म्हणालीस, "एकदम फिट, साहेब." ते वळणावर दिसेनासे झाले, तशी तू खाली बसलीस. मी म्हणालो, आई, घरी चल. तर माझ्यावरच उखडलीस. "घरी बसून काय करू? उद्या तुला कोण उभं करणारे? अभ्यासात तर दिवेच लावलेत तू."

छातीच्या त्याच वॉर्डात गेलीस, दुपारीच. तुझं सगळं तुझ्याच मैत्रिणींनी केलं, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. घरी आणलं, त्रिशरण झालं, बाया भिंतीला टेकून बसल्या. त्यातली एक म्हणाली, "नशीबवान बाई. सर्व्हिसमध्ये गेली. पोराचं करून गेली." तेव्हा मला त्या शब्दाचा अर्थ लागला. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या, जसं काय माझ्या अंगावर नवीन कपडे आहेत.

तेव्हापासून ती जागा माझ्या पाठीशी आहे. अंबडला कंपनीत प्रेस मशीनवर होतो, सोडलं. वापी सोडलं, सुरत सोडलं. कोणी एक शब्द वाकडा बोलला की मी बॅग उचलतो. ताई म्हणते, याच्या पायाला भिंगरी हे. भिंगरीबिंगरी काही नाही. मला माहीत असायचं, नाशकात एक झाडू माझ्या नावानं उभा आहे, मग ह्यांचं कशाला ऐकून घ्यायचं? आणि आता तो हातात घ्यायची वेळ आली तर मला तो चढ दिसतो. जिथं पुसायला वाकेन तिथं तू बसलेली असशील. मी कसा बाजूला सरक म्हणू?

काही दिवस ताईचा फोन उचललाच नाही. मग मीच लावला. तुला माहीत नाही, ती ठेकेदाराकडून सफाईला जाते, कॉलेज रोडच्या तसल्याच एका काचेच्या दवाखान्यात. एक खाडा झाला की दुसरी बाई आणतात. तिला म्हणालो, "जागा तू घे."

"मला कशी देतील? माझं लग्न झालंय."

"आता लग्न झालेल्या पोरीलापण देतात. मी लिहून देतो, माझी हरकत नाही म्हणून."

ती म्हणाली, "आईनं तुझ्यासाठी जीव काढला रे."

"दोघांसाठी काढला."

"नाय. तुझ्यासाठी. मला तिनं त्यात कधी धरलंच नाय." रागानं नाही बोलली. भाजीचा भाव सांगावा तशी बोलली. मग विचारलं, "पक्का ना? उद्या तिकडं कोणाशी वाजलं नि बॅग घेऊन दारात आलास, तर मी काय करू?"

म्हणालो, पक्का. इथल्या नोटरीकडून लिहून पाठवून दिलं. तिचं काम मार्गी लागलंय.

हे पान पोस्टात टाकायचं नाही. आपल्या पत्त्यावर आता ताईच राहते, आणि तिनं हे वाचायला नको. एकच सांगायचं राहिलं. परवा एक साखळी सुटली. माझ्या हातची नव्हती. मुकादम सगळ्यांसमोर माझ्या अंगावर आला आणि तुझ्यावरून शिवी दिली. घाण शिवी. एरवी मी संध्याकाळच्या गाडीत असतो. बिहारचा पोरगा माझ्याकडं बघत राहिला, आता हा हातमोजे फेकतो म्हणून. मी खाली मान घालून ऐकून घेतली आणि साखळी आवळायला वाकलो.