पहिल्या घाटाला मिस्त्री केबिनमध्ये

चंदगड,
ता. ८ एप्रिल २०२५

दोस्त महंमद,

केरबाचा रामराम घे आणि सलामबी घे. गुडघा काय म्हणतोय? ऑपरेशन झाल्यावर चार पावलं चालतोस का लेकाच्या, सोहेलच्या गॅलरीत बसून नुसत्या हायवेवरच्या गाड्या बघतोस? शालू विचारत होती, साताऱ्याचं पाणी महंमदभावजींना मानवलं का. इकडं आम्ही सगळी बरी हाय. काजूचा हंगाम जोरात हाय, कारखान्यांची चुलाणं पेटलीत, सगळ्या गावाला वास सुटलाय.

आता तू म्हणशील, फोन असताना ह्या केरबाला कागद लिहायचं कुठनं सुचलं. तर फोनवर तू 'व्हय, बरं, ठेवतो' ह्याच्या पुढं जात न्हाईस, आणि मला एक गोष्ट बैजवार सांगायची हाय. कबनूरचा तुझा गॅरेजचा गाळा मोबाईलवाल्याला द्यायचा ठरलाय, महिनाअखेरीला सह्या होणार, असं सोहेल बोलला. त्यावर मी मागनं बोलतो. आधी माझ्या मालाच्या गाडीचं ऐक.

गाडीचं इंजिन फेब्रुवारीत बसलं. आजऱ्याच्या अलीकडं पांढरा धूर, बघतो तर ऑइलमध्ये पाणी. उघडल्यावर कळलं, इंजिनाच्या ब्लॉकलाच चीर गेलीया. तू दोनदा बोअर करून दिलेला ब्लॉक, त्यानं तरी किती सोसायचं? इतकी वर्षं त्यानं मला एकदाबी वाटेत टाकलं न्हाय. गॅरेजच्या दारात उतरवला तेव्हा मी त्याला हात लावून पाया पडलो, हसायचं तर हस.

मग दुसरं इंजिन बघायला लागलो. आपला बाळासो दलाल हाय न्हवं, त्यानं मला नादाला लावलं. अपघातातल्या नव्या गाडीचं इंजिन, कॉमन रेल, सेन्सरवालं. काय ओढ होती म्हणून सांगू. चालू करून दाखवलं तर नुसतं मांजर गुरगुरल्यागत. मी तर मनात तेच गाडीला बसवून आंबोली घाट टॉप गिअरात चढूनबी आलो. बयाणा द्यायला खिशात हात घातलावता, पण मिस्त्रीनं अडवलं.

मिस्त्रीनं काय सांगितलं ऐक. "काका, इंजिनाची ताकद बघू नका. गाडीत सगळ्यात नाजूक काय हाय ते बघा. ताकद वाढली की तुटतंय तिथंच." माझा गिअरबॉक्स जुना, मागच्या चाकांचा क्राऊन गिअर जुना, ते एवढा जोर कुठं सोसणार? शिवाय त्या इंजिनाला त्याचा कॉम्प्युटर पाहिजे, सगळं वायरिंग पाहिजे. आमच्या चंदगडच्या पावसात एक सेन्सर मेला की चांगलं इंजिन असून गाडी धुक्यात उभी. तिथं लॅपटॉप घेऊन कोण येणार, तिलारीच्या रानातला गवा?

त्या इंजिनाला मिस्त्रीनं नावं ठेवली न्हाईत, हे मला लई आवडलं. ते इंजिन भारी हाय, पण ह्या गाडीचं न्हाय, एवढंच म्हणणं. शेवटी आपल्याच जातकुळीतलं, साध्या पंपाचं, टर्बोवालं इंजिन शोधलं. ताकद जुन्यापेक्षा थोडी जास्त, माउंटिंग तेच, गिअरबॉक्सला जसंच्या तसं बसतंय, आणि पार्ट आजऱ्यातबी मिळतोय. फक्त रेडिएटर मोठा घालायला लावला. आरटीओची परवानगी आधी काढली, मगच जुनं उतरवलं. ही शिस्त तुझी, हे मी लगेच वळखलं.

आता किती वेळ मिस्त्री मिस्त्री करत बसू? तुला एव्हाना कळलं असंल, कागद चुरगाळू नको. अरीबानं बसवलंय. तुझ्या पोरीनं.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या ऑफिसातनं सुटून आली की रोज तुझ्या गाळ्याचं शटर वर करायची. कुलसुमभाभी शेजारी स्टूल टाकून बसायच्या आणि तिनं मागितलेले पाने सोडून तिसरेच हातात द्यायच्या. तुला कळवायचं न्हाय असं आमचं तिघांचं ठरलंवतं. राग धरायचा तर माझ्यावर धर, गाडी माझी हाय.

तुझे हात मला ठाऊक हाईत, महंमद. सोहेलच्या लग्नातसुद्धा नखातलं काळं निघालं न्हाय, म्हणून तू फोटोत हात मागं बांधून उभा राहिलावतास. पोरीच्या वाट्याला ते नको म्हणून तिला डिप्लोमा करवलास, टेबलावर बसवलंस. आणि तिनं नोकरी सोडून गाळा चालवीन म्हटल्यावर अबोला धरलास. ईदलाबी कबनूरला आला न्हाईस. भाभींनी तुझ्या वाटणीचा शिरखुर्मा काढून ठेवलावता, शेवटी मला वाढला.

बापाचा जीव हाय, मला कळतंय. पण कौतुक दाबून ठेवायला मी तुझ्यासारखा न्हाय.

तुझा नेम आठवतो न्हवं? ज्यानं इंजिन बसवलं त्यानं पहिला भरल्या गाडीचा घाट केबिनमध्ये बसून चढायचा. मी विषयबी काढला न्हवता. सावंतवाडीला काजू भरायला निघालो तर ही ऑफिसात रजा टाकून, ओढणी कमरंला बांधून दारात उभी. गाडी भरून परतताना घाट लागला तशी डोळं मिटून बसली. मला वाटलं, दमून झोपली पोरगी. अर्ध्या घाटात म्हणाली, "काका, बाजूला घ्या." मला तर काय ऐकू आलं न्हवतं. उतरून बघतीया तर टर्बोच्या हवेच्या पाइपाची क्लिप ढिली. आवळली आणि लगेच म्हणाली, "चूक माझी. परत एकदा बघायला पाहिजे होती."

तूबी असाच. चूक तुझी असली की गिऱ्हाइकाच्या आधी तूच सांगायचास. म्हणून तर मी तुझं दार सोडून दुसरीकडं गाडी नेली न्हाय.

पुढं गाडी अशी चढली म्हणून सांगू, की आंबोलीच्या माथ्यावर आल्यावरच मला कळलं घाट संपला. तिथं ती उतरली, बॉनेट उघडून इंजिनावर तळहात धरला, तू धरायचास तसाच. मी शाबासकी दिली तर तोंडदेखलं हसली. मग म्हणाली, "अब्बा काय म्हणाले असते, काका?" जन्मात तू एका इंजिनाला चांगलं म्हणाला न्हाईस. लई आवडलं तर 'गप हाय' एवढंच म्हणायचास.

म्हणून कागद लिहिला. येत्या रविवारी काजूगर घेऊन पुण्याला निघालोय. सकाळी सोहेलच्या बिल्डिंगसमोर, सर्व्हिस रोडला गाडी लावीन. हॉर्न मारणार न्हाय, वर येणार न्हाय, इंजिन बंद करणार न्हाय. गॅलरीत उभा राहून ऐक. ह्या कामात तुझ्याएवढा कान माझ्या माहितीत दुसऱ्या कुणाचा न्हाय, आणि ऐकलेलं तू कधी खोटं बोलला न्हाईस.

अरीबा केबिनमध्ये बसलेली असंल. गाळ्याची चावी तिच्याकडं हाय. तिनं ठरवलंय, अब्बांनी आवाज ऐकून आतनं दार लावलं तर चावी सोहेलभाईच्या हातात देऊन परत फिरायचं, गाळ्याचं पुन्हा नाव काढायचं न्हाय. रडून सांगितलं न्हाय तिनं, सरळ सांगितलं. मला त्याचीच भीती वाटतीया.

इंजिनात खोट वाटली तर दार लाव, मी काय म्हणणार न्हाय. खोट वाटली न्हाय तर जिना सावकाश उतर, गुडघा सांभाळ, आणि खाली येऊन तिला ते दोन शब्द सांग. जास्त काय बोलू नको, तुला जमायचंबी न्हाय.

तुझा, आणि तुझ्या लेकीच्या गॅरेजचं पहिलं गिऱ्हाईक,
केरबा