क्लच घरीच बदलतो

६ जून, शनिवार
क्लच गेला. चढावर इंजिन नुसतं बोंबलतं आणि जीप आहे तिथेच. शिवाय जळका वास. दोष अर्थात आधीच्या मालकाचा. माझ्याकडे येऊन जीपला बारा वर्षं झाली, पण सुरुवातीचे संस्कार महत्त्वाचे असतात.

चौकातला मेकॅनिक म्हणाला, तीन दिवस ठेवून जा. मी मनात हसलो. गिअरबॉक्स मागे घ्यायचा, जुनी प्लेट काढायची, नवी बसवायची, गिअरबॉक्स पुढे घ्यायचा. यात तीन दिवस कसले लागतात?

संकल्प : क्लच मी स्वतः, घरीच बदलणार. पुढच्या रविवारी मुलीला हॉस्टेलवर सोडायचं आहे. ती चौथीत होती तेव्हापासूनचा आमचा करार आहे, की कॉलेजला जाईल तेव्हा बाबा तिला जीपने सोडणार. पुढे आम्ही दोघं, टपावर तिची सायकल, मागे सामान आणि तिची आई. अख्खा आठवडा हातात आहे. चिंता नाही.

७ जून, सकाळी ८
जीप फाटकाच्या तोंडाशी घेतली, कारण सावली तिथेच आहे. चाकांना दगड लावले, स्टँडवर चढवली. बायको म्हणाली की तिची गाडी आत अडकली. म्हटलं, संध्याकाळपर्यंतचा तर प्रश्न.

७ जून, संध्याकाळी
मागच्या चाकांना फिरवणारा प्रोपेलर शाफ्ट काढला. मग कळलं की पुढे आणखी एक आहे. फोर व्हील ड्राइव्ह असल्यावर पुढच्या चाकांनाही शाफ्ट असणारच. हे मला ठाऊक होतं, फक्त त्या वेळी आठवलं नव्हतं.

८ जून
बायको बसने ऑफिसला गेली. जाताना फाटक जोरात लावलं. तेवढंच तिचं चालणं होईल.

काढलेले बोल्ट मी नीट लावून ठेवले. ग्रंथपालाच्या हाताखाली पसारा होत नाही. प्रत्येक बोल्टला नाव दिलं, चिठ्ठी बांधली आणि सगळे अकारविल्हे मांडले. मेव्हणा बघून गेला. म्हणाला की लोक बोल्ट जिथून निघाला त्या जागेप्रमाणे ठेवतात. लोकांना शिस्त नसते.

९ जून
बायकोचा आरोप : क्लच झिजला तो माझ्या डाव्या पायामुळे. मी म्हणे गाडी चालवताना पाय सतत क्लचवर टेकवून बसतो. मुलीनेही दुजोरा दिला. घरात फितुरी आहे. पाय टेकवतो, दाबत नाही. आणि तिथे नाही ठेवायचा तर कुठे ठेवायचा, खिडकीत?

१० जून
रजा टाकली. गिअरबॉक्सचा सगळ्यात वरचा बोल्ट हाताला लागत नाही, डोळ्याला दिसत नाही, आणि सैल तर होतच नाही. ज्याने तो तिथे बसवला त्याला घरदार नसावं. दुपारी निघाला. माझ्या कोपराची सालटंही निघाली.

मग मेव्हण्याला बोलावून गिअरबॉक्स खाली घेतला. तो जॅकवर येणार होता, माझ्या पोटावर आला. हे अगदीच अनपेक्षित होतं असं नाही. मेव्हण्याने मला पाय धरून बाहेर ओढलं. मुलगी हसता हसता पायरीवर बसली. हसू दे. रविवारनंतर घरात एवढं हसणार कोण?

११ जून
जुनी प्लेट बाहेर आली. झिजून पार रिव्हेटपर्यंत गेली आहे. बायकोने आधी प्लेटकडे पाहिलं, मग माझ्या डाव्या पायाकडे. मी पाय मागे घेतला.

नवी प्लेट बसवली. मधोमध धरायला झाडूच्या दांड्याला टेप गुंडाळून जुगाड केलं. स्वतःवरच खूश झालो. प्लेटच्या एका बाजूला काहीतरी छापलं आहे. चष्म्याला ग्रीस लागलेलं, म्हणून वाचलं नाही. टॉर्च धरता धरता मुलीने विचारलं की प्लेट कोणत्या बाजूने बसवायची ते कसं कळतं. सांगितलं, छापील बाजू वाचणाऱ्याकडे. इतकी वर्षं पुस्तकं कपाटात लावतोय, एकही उलटं लागलेलं नाही. तिला पटलं. निदान टॉर्च धरून उभी राहिली.

१२ जून
गिअरबॉक्स वर चढवला. मेव्हण्याने तोंडातून काढलेले शब्द इथे लिहीत नाही. बोल्ट शोधताना अकारविल्ह्याचा थोडा त्रास झाला. 'लांब' आणि 'लांबट' यांत मी फरक का केला होता, ते आता आठवेना.

मुलीची ट्रंक भरून झाली. सायकलही पुसून ठेवली आहे तिने.

१३ जून, संध्याकाळी ५
झालं! सगळं जागेवर. जीप स्टँडवरून उतरवली. एका किल्लीत इंजिन सुरू. डोळ्यांत पाणी आलं, धुरानेही असेल.

संध्याकाळी ५.१५
गिअर पडत नाही. क्लच पूर्ण दाबला तरी नुसती करकर. नवा माल आहे, जरा रुळू द्यावा.

संध्याकाळी ६
रुळत नाही. मेव्हणा मोबाइलवर बराच वेळ काहीतरी बघत होता. मग त्याने विचारलं की प्लेटवरचं 'फ्लायव्हील साइड' कुठल्या तोंडाने ठेवलं. म्हटलं, माझ्याकडे, वाचता यावं म्हणून. तो चाकाच्या दगडावर खाली बसला. फ्लायव्हील म्हणजे इंजिनाला जोडलेलं जड चाक. ते माझ्या बाजूला नव्हतं. प्लेट उलटी बसली आहे. म्हणजे गिअरबॉक्स पुन्हा खाली.

हॉस्टेलवर उद्या बाराच्या आत पोचायचं आहे. मुलगी म्हणाली की काही हरकत नाही, आईच्या गाडीने जाऊ. हे ती इतक्या चटकन म्हणाली, की तिचं आधीच ठरलं असावं. सायकल तिने पुन्हा मागच्या खोलीत नेऊन ठेवली. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

१४ जून, रविवार
बायकोची गाडी बाहेर काढायची तर आधी जीप हलायला हवी. न्यूट्रलमध्ये टाकली. स्टिअरिंगला कुणीतरी जाणकार लागतो, म्हणून मी बसलो. मागून बायको, मेव्हणा आणि मुलगी ढकलायला. बायको मागून ओरडली की पाय क्लचवरून काढा. तिला तिथून कसं दिसलं कोण जाणे. जीप छान गेली. फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला लागली.

लहान गाडीत ट्रंक, गादीची वळकटी, बादली, पिशव्या. मागची सीट वरपर्यंत भरली. मला जागा उरली नाही. बायको म्हणाली की गादी मांडीवर घेतली तर मावाल. घेऊन पाहिली. दार लागेना.

मुलगी जीपच्या खिडकीशी आली. अजून धापा टाकत होती. म्हणाली की बाबा मला सोडणार होते, शेवटी मीच बाबांना सोडलं, तेही फाटकापर्यंत. हसली, मग गळ्यात पडली. ग्रीस लागेल म्हटलं तर म्हणाली, लागू दे.

त्या गेल्या. मेव्हणाही गेला. मी जीपमध्येच बसून राहिलो. गाडी वळणाशी पोचली तेव्हा जोरात हॉर्न दिला. तिकडून मुलीने हात हलवला.

हॉर्न एकदम ठणठणीत आहे. मी तो कधी दुरुस्त केलेला नाही.