लाईटचं काम

आबा, आज कामावर एका शब्दापाशी माझे दोन तास गेले. फोनवर चालणाऱ्या कार्यक्रमांतला, म्हणजे ॲपमधला, इंग्रजी मजकूर मराठीत करायचा, हे माझं काम. हिंजवडीतल्या ऑफिसात बसून करते आणि राहते जवळच चांदे गावात, भाड्याच्या दोन खोल्यांत. तुम्ही गेलात तेव्हा असलं काही काम असतं हे मलाही ठाऊक नव्हतं. आजच्या मजकुरात एकाच पानावर तीनदा लाईट होता. एके ठिकाणी बॅटरीचा उजेड, दुसऱ्या ठिकाणी पडद्याचा फिका रंग, तिसऱ्या ठिकाणी फोनमध्ये कमी जागा खाणारा कार्यक्रम. शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "मॅम, सगळीकडे लाईटच ठेवा ना, सगळ्यांना कळतं." मी तिला नाही म्हटलं, जरा जोरातच म्हटलं. ती बिचारी परत आपल्या पडद्याकडे वळली. तिला काय सांगणार होते मी?

तेव्हा मी सहावीत होते. मेंढरं विकून तुम्हाला उरवड्याच्या कारखान्यात हमालीला लागून दोन वर्षं झाली असतील. जांघेत दुखतं म्हणून तुम्ही पौडला डॉक्टरकडे गेलात आणि येताना एक चिठ्ठी घेऊन आलात. मुकादमाला दाखवा, एवढंच तिथल्या कंपाउंडरने सांगितलं होतं. अंगणात चुलते बसलेत, शेजारचे दोघं बसलेत, आई दारात तांदूळ पाखडतेय, आणि तुम्ही मला हाक मारता, "ये गं, वाच. आमची पोरगी विंग्रजी शिकतीया." चिठ्ठीवर तीनच शब्द आहेत. वर्क म्हणजे काम, ओन्ली म्हणजे फक्त, हे मला येतं. आणि लाईट कुणाला येत नाही? लाईट आली, लाईट गेली, गावात रोज तेच. मी मोठ्याने वाचते, "फक्त लाईटचं काम द्यावं." चुलते म्हणतात, "वायरमन करत्यात का काय तुला?" सगळे हसतात. तुम्हीही हसता, पण चिठ्ठी जपून खिशात ठेवता.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मुकादमापुढे उभे राहिलात. इंग्रजी त्यालाही येत नव्हतं. "डाक्टरनी लाईटचं काम सांगितलंय," तुम्ही म्हणालात. तो म्हणाला, "तुला तार जोडाया येती का? न्हाई ना? मग उचल पोतं." तुम्ही चिठ्ठी परत खिशात घातली आणि पोतं उचललं. चार दिवस उचलत राहिलात. पाचव्या दिवशी गोदामाच्या दारात खाली बसलात ते उठलाच नाहीत. जांघेतल्या हर्नियात आतडं अडकलं होतं. पुण्याला नेऊन तातडीने ऑपरेशन केलं, म्हणून वाचलात. तुमच्या शर्टाच्या खिशातली चिठ्ठी दवाखान्यात आलेल्या कारखान्यातल्या एका साहेबाने वाचली आणि तो तुमच्यासोबत असलेल्या चुलत्यांवरच ओरडला, "अरे, हलकं काम द्या असं लिहिलंय यात!"

घरी हे मला कुणीच बोललं नाही. चुलते आईला सांगत होते ते मी चुलीमागून ऐकलं. त्यानंतर मी शाळेचं पुस्तक उघडेना. तुम्ही घरी येऊन बाजेवर पडून असायचा आणि मी त्या बाजूला फिरकतच नव्हते. एका दुपारी तुम्हीच हाक मारलीत. मी पायथ्याशी उभी राहिले, खाली मान घालून.

"वाचताना तुला खात्री व्हती का?"

मी मान हलवली. नव्हती. जांघेत दुखणाऱ्या माणसाला डॉक्टर तारा जोडायला का सांगेल, हे तेव्हाच माझ्या मनात आलं होतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते.

"मग येत न्हाई म्हनायला जीब झडली व्हती का? चुकलीस त्याचं मला काय न्हाई. म्या तरी कुटं सांगितलं मुकादमाला, दुसऱ्या कुनाला दाव म्हनून? पन ठावं नसताना ठावं हाय म्हनायचं, ह्ये परत करू नगंस."

तुम्ही मला एवढंच रागावलात. चालायला लागल्यावर पहिल्यांदा घराबाहेर पडलात ते पौडच्या बाजाराला, आणि माझ्यासाठी शब्दकोश घेऊन आलात. जुना होता, पुठ्ठा निघालेला. म्हणालात, "त्यो लाईट काढ बघू." मला सापडायला बराच वेळ लागला. निम्मं पान भरून होता. मी एकेक अर्थ वाचत गेले आणि तुम्ही डोळे मिटून ऐकत होता. वजनाला कमी. रंगाला फिका. कामाला सोपं. चटकन मोडणारी झोप. दिवा पेटवणं. पाखराचं फांदीवर येऊन बसणं. तुम्ही एकदम डोळे उघडलेत. "पाखरू बसलं तरी लाईटच? आन् झोपंला बी? आपल्यात ओझं हलकं, च्या फिक्का, झोप सावध. समद्याला येगळा सबूद हाय. तुजी विंग्रजी लई गरीब हाय की गं!" आई चुलीपाशी हसली. ऑपरेशननंतर त्या घरात पहिल्यांदाच कुणी हसलं होतं. पुढे तुम्हाला जड काही उचलता आलं नाही. कारखान्याच्या फाटकावर बसायचं काम मिळालं, आणि तिथून तुम्ही रोज एखादा इंग्रजी शब्द मला विचारायला घेऊन यायचा.

तुम्ही मला शब्द नीट बघायला शिकवलंत, असं मी लोकांना सांगते. ते खरंच आहे. पण आज एवढं सगळं लिहिलंय ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिता येतंय.

तुमच्या शेवटच्या आजारात तो तरुण डॉक्टर तुमच्या खाटेशी उभा राहून माझ्याशी इंग्रजीत बोलला. तुम्हाला कळू नये म्हणूनच बोलला. तो गेल्यावर तुम्ही विचारलंत, "काय म्हनला गं?" त्याचा एकूणएक शब्द मला कळला होता. आता काही करण्यासारखं उरलं नाही, फार तर आठवडा, असं तो म्हणाला होता. मी म्हणाले, "औषध लागू पडतंय म्हणाले. सोमवारी घरी सोडतील." तुम्ही माझ्याकडे नीट बघितलंत. मग म्हणालात, "बरं. आईला म्हनावं, शेंगदान्याची चटनी करून ठेव."

तुम्हाला कळलं होतं की नाही, हे मी इतकी वर्षं स्वतःला विचारते आहे. तुम्ही आणखी काही विचाराल म्हणून मी तिथेच उभी होते. तुम्ही कुशीवर वळलात, आणि आबा, मला सुटल्यासारखं वाटलं. हे मी आईलाही कधी सांगितलं नाही. तिने चटणी केली होती.