चौकटीवरची रेघ

१४ मार्च

चि. धाकटीस अ. आ.

रविवार, १२ मार्च, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी तू माझ्या नातीला, आपल्या मुंगीला, तुझ्या स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकवून उभं केलंस आणि डोक्यावर पेन्सिलीने रेघ ओढलीस. ती तुझ्या लेकीच्या पाचव्या वर्षाच्या रेघेवर तंतोतंत बसली. तू वळून माझ्याकडे पाहिलंस. तुझं ते हसू मी लहानपणापासून ओळखते.

तुझ्या लेकीने माझ्या लेकीला स्त्रीबीज दिलं, ते उपकार मी विसरणार नाही. पण नऊ महिने ओकाऱ्या माझ्या लेकीने काढल्या. देणारीचा कसलाही हक्क नाही, या कागदावर दोघींच्या सह्या आहेत. धर्माच्या गाईचे दात घेणाऱ्याने मोजू नयेत म्हणतात. इथे देणाऱ्याची आईच मोजायला बसली.

रेघ पुसून टाक.

तुझी ताई

१८ मार्च

ती. ताईस शि. सा. न.

रेघ पुसली नाही. तू चपला घालत होतीस, तेव्हा मुंगी माझ्या कानात सांगून गेली की तिने टाचा उचलल्या होत्या. मावशीएवढं व्हायचं होतं म्हणे. खरं माप दोन बोटं खाली येईल.

तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण ते जुळणं मला फार आवडलं. तू रोज तिची वेणी घालतेस. मला महिन्याचा एक रविवार मिळतो, तोही तुझ्या पहाऱ्यात. हेवा काय तुलाच करता येतो?

रागव, पण माया पातळ करू नकोस.

धाकटी

२१ मार्च

चि. धाकटीस अ. आ.

वजनमापं तपासण्यात माझी अठ्ठावीस वर्षं गेली, आणि पाच वर्षांच्या पोरीने मला खोट्या मापाने फसवलं.

दोन बोटं कमी, म्हणजे ती तुझ्या लेकीवर गेलेली नाही. कॉन्व्हेंटात सिस्टर उंचीप्रमाणे रांग लावायच्या, तेव्हा सगळ्यांत पुढे कोण असायचं ते आठव. टाचा उचलल्या म्हणून पोटरीवर पट्टी कोणाच्या बसायची, तेही आठव. बीज कोणाचंही असो, ही लबाडी माझ्या घरची आहे.

या महिन्याचा तुझा रविवार होऊन गेला, हे मला कळतं. तरी २६ तारखेला तिला एकटीला पाठवते. टाचा जमिनीला टेकवून माप घे. जुनी रेघ राहू दे. शेजारी ‘टाचा उचलून’ असं लिही. खरं माप मला मंगळवार, २८ मार्च, संध्याकाळी पाचच्या आत लेखी हवं. फोन चालणार नाही.

ताई