किंमत आपल्या तोंडाने सांगावी

लिहून ठेवणार: सत्यभामा, बळीराम वाठोरे यांची विधवा, वय अंदाजे पंचावन्न, धर्म बौद्ध, धंदा शिवणकाम करणे व शिकवणे, राहणार उमरखेड, तालुका पुसद, जिल्हा यवतमाळ.

माझं डोकं ठिकाणावर आहे आणि माझा हात धरून हे कोणी लिहवून घेत नाही. हात धरायला आलेला माणूस बाहेर ओसरीवर बसला आहे, म्हणून दाराला कडी लावून लिहिते आहे. आत फक्त दोघे साक्षीदार आहेत. आधी अर्जनवीसाकडे गेले होते. त्याने मला न विचारताच ‘धंदा मजुरी’ लिहिलं, तेव्हा तो कागद मी तिथेच फाडला. पोटातल्या गाठीच्या ऑपरेशनसाठी उद्या सकाळच्या एस.टी.ने नागपूरला निघायचं आहे. परत येईनच असं डॉक्टरही म्हणत नाहीत. मला भीती वाटते, पण मरणापेक्षा जास्त भीती माझ्यामागे शिवणशाळेचं काय होईल याची आहे.

कलम पहिले. राहतं घर आणि भांडीकुंडी माझा एकुलता एक मुलगा मारोती याची. दीक्षा घेतल्यावर पुष्कळांनी मुलांची नावं बदलली. याचं मी बदललं नाही, कारण त्याच्या बापाने ते हौसेने ठेवलं होतं. घराबद्दल माझी काही तक्रार नाही, त्याने सुखाने राहावं.

कलम दुसरे. माझी मोठी कात्री शेजारच्या लीलाबाईला कोणी देऊ नये. नेते, बोथट करून आणते आणि वर म्हणते, आधीच बोथट होती.

कलम तिसरे. शिवणशाळेची खोली आणि पाच मशिनी तांड्यावरच्या फुलसिंगची मुलगी जमनी हिच्या मालकीच्या होतील. तिने त्या विकू नयेत, कोणाच्या मजुरीला लावू नयेत, आणि शिकायला येणाऱ्या मुलामुलींना जात विचारू नये.

यावर आमच्या वस्तीत आरडाओरड होणार, हे मला माहीत आहे. पोटचा मुलगा सोडून लमाणाच्या पोरीला दिलं म्हणतील. म्हणोत. कारण सांगते.

माझी सासू खळ्यावर पदर पसरून उभी राहायची. वर्षभर गावाचं काम केलं तरी ‘इतकं द्या’ म्हणायची रीत नव्हती, पडेल ते घ्यायचं. पुढे मी यवतमाळच्या वर्गात शिवण शिकले, ही खोली बांधली, पोरं शिकायला येऊ लागली. टाके सुरेख घालायची. मग मी नियम केला की पहिला शिवलेला कपडा ज्याचा त्याने ढाणकीच्या बाजारात नेऊन विकायचा. गिऱ्हाईक विचारायचं, “कितीले देतं?” आणि आमची पोरं मान खाली घालून म्हणायची, “द्या जे द्याचं ते.” दीक्षा घेतली, खळ्यावर जाणं सोडलं, पण तोंडातलं हे वाक्य काही सुटेना. मी रागावले, समजावलं, एकदोघांना धपाटेही घातले.

हे सोडवलं माझ्याकडेच शिकलेल्या जमनीने. तिचे आजे-पणजे बैलांवर मीठ लादून गावोगाव विकायचे. ती पोरांसमोर गिऱ्हाईक होऊन बसायची, कपड्याला नावं ठेवायची, उठून जायची, परत यायची. पोराने मान वर करून भाव सांगितला आणि शेवटी “याच्यापेक्षा कमी नाई” म्हटलं, की मगच त्याला बाजारात सोडायची. शिवणं मी शिकवलं, विकणं तिने. दुसऱ्याशिवाय पहिल्याचा काय उपयोग? नुसतं शिवता येणारा जन्मभर दुसऱ्याच्या मशिनीवर बसतो.

आता मारोतीबद्दल. गावातल्या कापडवाल्या शेटजींना माझी खोली आणि मशिनी हव्या आहेत. माझ्या पोरांनी तिथेच बसून त्यांचे सदरे रोजाने शिवायचे आणि मारोतीने मुकादम व्हायचं, असा त्यांचा बेत. परवा ते इथे आले होते. या सगळ्याचं काय घेशील, असं त्यांनी मारोतीला विचारलं. मी पडद्याआड उभी होते. माझा मुलगा मान खाली घालून म्हणाला, “द्या शेटजी, जे द्याचं ते.”

त्या दिवसापासून मला जेवण गेलेलं नाही. शेटजींचा मला राग नाही, ते आपला धंदा करतात. राग मारोतीचा आहे, आणि तोच जिवाला लागला आहे.

कलम चौथे. माझी स्वतःची काळी मशीन, जिच्यावर मी हे घर चालवलं, ती कोणाला द्यायची हे

वरचं वाक्य अर्धवट राहिलं, कारण मारोतीने दार वाजवलं. ओसरीवर बसलेला शेटजींचा माणूस अंगठ्याची शाई घेऊन थांबला आहे म्हणे. मला सही येते हेही त्यांना ठाऊक नाही. मी कडी काढली, मारोतीला एकट्याला आत घेतलं आणि तिसरं कलम मोठ्याने वाचून दाखवलं.

“माय, माह्यासाठी काहीच नाई?”

“काय पाह्यजे तुले? सांग.”

“दे जे...” एवढं बोलला आणि थांबला. बाहेर शेटजींचा माणूस खाकरला. मारोतीने दाराकडे पाहिलं, मग काळ्या मशिनीकडे, मग मान वर करून माझ्याकडे.

“हे काळी मशीन पाह्यजे. आन् जमनीच्या हाताखाली शिकाले जागा. याच्यापेक्षा कमी नाई.”

मी म्हटलं, “लय महाग सांगतलं रे. पण देल्लं.”

म्हणून कलम चौथे पुरं करते: काळी मशीन मारोतीची, आणि जमनीने त्याला शाळेत जागा द्यावी. शेटजींच्या माणसाला मारोतीनेच परत पाठवलं. हे सगळं मी वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही करते. याआधी असा कागद मी केलेला नाही.

सही: सत्यभामा बळीराम वाठोरे

साक्षीदार (यांना या कागदाने काही मिळत नाही):
१. रामीबाई, धंदा सुईण. निशाणी अंगठा.
२. उत्तमसिंग सेवादास राठोड, माजी विद्यार्थी. धंदा शिवणकाम, दुकान स्वतःचे, ढाणकी. सही.

उमरखेड, मंगळवार, दिनांक ११ डिसेंबर १९६२