तळहातावरची वाटी

४ जानेवारी १९४३, सोमवार. लोहारा.
पिणारा माणूस ज्याने जवळून पाहिला असेल, त्याच्या ध्यानी हे कोडे आलेच असेल. सकाळी त्याचे हात थरथरतात. शिंदीचा एक पेला पोटात गेला की स्थिर होतात. मग शिंदी हा रोग म्हणावा की औषध? दोन वर्षे स्वतःवरच निरीक्षण केले. माझे उत्तर असे : दाराला बाहेरून कोणी रेटत असेल तर आतला माणूस तितक्याच जोराने उलटा रेटतो. बाहेरचा अचानक गेला की आतला तोल जाऊन पुढे झोकांडतो. शरीराचेही तेच. शिंदी उतरली की ते झोकांडते.
स्पष्टीकरण वर्गात शोभेल असे आहे. पण मी दिवाळीपासून पूजेला गळ्यातले इष्टलिंग तळहातावर घेतलेले नाही. खाली पडेल ही भीती. मी नुसतीच घंटा वाजवतो; सौ. ती बाहेरून ऐकते आणि पूजा झाली असे समजते.

६ जाने.
शाळेच्या पाण्याच्या घागरी अजून नवा शिपाई नीट भरत नाही. आधीचे शिपाई रसूलभाई भरत असत.
एकदा लिहूनच टाकतो. शाळेतल्या प्रयोगाच्या कपाटातली शिंदीची बाटली माझी. लेबल ‘चुन्याची निवळी’, मराठीत व उर्दूत, दोन्ही माझ्या अक्षरात. फुंकर मारली की निवळी पांढरी होते, म्हणून पांढऱ्या शिंदीचा संशय कोणाला येणार नाही असा हिशेब. आंबणाऱ्या शिंदीतून वायू सुटतो हे मीच शिकवतो, आणि बूच घट्ट मीच बसवले. मागील महिन्यात तपासणीच्या दिवशी हेडमास्तरांसमोर ते उडाले. वास वर्गभर. किल्ली रसूलभाईंकडे असे. ‘‘मास्तर, म्या हात लावलेला न्हाय,’’ ते माझ्याकडे बघून म्हणाले. मी खडूचे तुकडे गोळा करत राहिलो. त्याच दिवशी त्यांना काढले.

११ जाने., सोमवार.
गेल्या आठवड्यात तेल घेताना माझ्या हातातले भांडे डचमळले. शिवाप्पा तेली बघत होते. फडक्याने ओटा पुसला. मग म्हणाले, ‘‘सोमवारी दुपारी घाण्यावर या. बैल सुटलेले असतात.’’ नंदीचा वार म्हणून सोमवारी ते बैल जुंपत नाहीत.
आज गेलो. सहा जण, सगळे शिंदी सोडलेले किंवा सोडू पाहणारे. प्रत्येकाने डाव्या तळहातावर पाण्याची भरली वाटी घ्यायची, लिंगपूजेला बसतो तसे बसून, आणि ती धरलेली असताना बोलायचे. पिऊन कोणाचे काय बिघडवले ते, नावासकट. चांदसाब शिंपीही येतात. शिवाप्पा त्यांना म्हणाले होते म्हणे, ‘‘लिंग आमचं, पाणी समद्यांचं.’’
माझी वाटी नाव सांगण्याआधीच निम्मी झाली. चांदसाब म्हणाले, ‘‘मास्तर, असू द्या. माझ्या पायजम्यानं पयले दोन महिने हितंच आंगूळ केली.’’ सगळे हसले. मीही.
नाव सौ.चे घेतले. खोट्या घंटेचे सांगितले. खरे होते, पण सोपे तेवढेच.
आजपासून सोडली.

१९ जाने.
दिवस आठवा. तिसऱ्या रात्री घाम, चौथ्या दिवशी मुंग्या दिसल्या, नसलेल्या. सौ.ने कपाळावर ओले फडके ठेवले. काही विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते.

२५ जाने., सोमवार.
दिवस चौदावा. हात स्थिर. पाण्यावर तरंग नाही, घाण्यावरच्या छपराचे आढे त्यात स्पष्ट दिसत होते. मला इतका आनंद झाला की दाराचा सिद्धांत सगळ्यांना समजावून सांगितला. वाटी तशीच.
शिवाप्पांनी ऐकून घेतले. ‘‘शिकवून झालं? आता कुणाचं नाव ऱ्हायलंय का बघा.’’
मी म्हणालो, रसूलभाई. एवढेच. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत आले.
चौदा दिवस शिंदीचा थेंब नाही. मग ही थरथर कशाची? माझ्या सिद्धांतात याला जागा नाही.
सगळे सांगितले. कोणी हसले नाही. चांदसाब म्हणाले, ‘‘ते नाव आमाला देऊन काय उपेग, मास्तर? ज्याचं त्याला द्या.’’

२८ जाने.
बाजारात रसूलभाई भेटले. पोती उतरवत होते. मला पाहून सलाम केला, पूर्वीसारखाच.
‘‘रसूलभाई, बाटली माझी होती.’’
‘‘ठावं हाय. कपाट रोज म्याच झाडत व्हतो.’’
‘‘मग बोलला का नाहीत?’’
त्यांनी पोते खाली ठेवले. ‘‘तुमी बोलाल म्हणून उभा ऱ्हायलो व्हतो.’’
मग पुढचे पोते उचलले. मला काय…

१ फेब्रु., सोमवार.
अर्ज तीनदा लिहिला. पहिल्या दोहोंत कारणे होती. तिसऱ्यात फक्त घडलेले, आणि रसूलभाईंना परत घ्यावे ही विनंती. अकरा वाजता हेडमास्तर बसतात. माझी नोकरी राहणार नाही असे दिसते. सौ.ला काल सांगितले. ती म्हणाली, ‘‘आधी जाऊन या. मग बघू.’’ बंडीच्या खिशात अर्ज तिनेच ठेवला.
आज दिवाळीनंतर प्रथमच लिंग तळहातावर घेतले. पडले नाही. पण त्यावर विसंबत नाही.
जाण्यापूर्वी एक प्रयोग करणार आहे. साहित्य कोणत्याही घरात मिळेल. डाव्या तळहातावर काठोकाठ भरलेली वाटी ठेवावी. कोपर अंगाला टेकवू नये. पाणी संथ होईपर्यंत दहा श्वास मोजावेत. मग ज्याच्या वाट्याला आपली चूक गेली, त्याचे नाव मोठ्याने घ्यावे, आणि नजर पाण्यावरून हलवू नये.
वाटी भरली आहे.