बाबांच्या कॉम्प्युटरची बीप

रविवार संध्याकाळ, टेमघर

आज पुन्हा एम्युलेटरचा सोर्स कोड उघडून बसले. बाबा गेल्यावर त्यांचा कॉम्प्युटर भंगारात गेला. त्यांनी बनवलेला साडीच्या काठांची नक्षी काढायचा प्रोग्राम मात्र जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या या एम्युलेटरवर चालतो. फक्त सुरुवातीची बीप बारीक वाटायची.

स्पीकरची फाइल सापडली. कुणीतरी लिहून ठेवलंय, ‘खरं मशीन मिळालं नाही, आवाज अंदाजाने ठेवलाय.’ मग मीही अंदाजानेच आकडे बदलत गेले. पण मला तो आवाज खरंच आठवतोय का?

बीप वाजली तशी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

“असाच वाजायचा,” ती म्हणाली.

“नक्की?”

“हा वाजला की मी चहा टाकायचे. हे कामाला बसले, असं समजायचं.”

मी प्रोग्राम बंद करायला गेले.

“राहू दे गं थोडा वेळ,” म्हणाली, आणि शेजारी बसली.